आत्ताच्या हॉट व्हील्स, लबुबू वगैरे पॅकबंद जपले तर पुढे जुन्या खेळण्यांसारखी किंमत येईल का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. घरात सध्या एकच वाद चाललाय आणि तो काही सुटत नाहीये म्हणून इथे विचारते. नवऱ्याला हॉट व्हील्सचा, म्हणजे त्या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांचा नाद आहे, लॉकडाऊनमध्ये लागला आणि आता बेडरूमची एक भिंत पूर्ण भरलीय, सगळ्या गाड्या पॅकबंद, हुकला टांगलेल्या. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला साहजिकच त्या काढून खेळायच्या असतात आणि बाबा म्हणतो हात लावायचा नाही, एकदा उघडली की किंमत गेली. त्याचं म्हणणं असं की अमेरिकेत १९६८-६९ च्या गाड्या आज लाखांत जातात, मग आपण या २५ वर्षं नीट सांभाळल्या तर पोराच्या शिक्षणाला हातभार लागेल. त्यात आता पुतणी बॅगेला लबुबू, म्हणजे ती दात काढलेली केसाळ बाहुली, लावून आली आणि तीही तेच म्हणाली, काकू ही इन्व्हेस्टमेंट आहे.

छंद म्हणून असेल तर माझी काहीच तक्रार नाही, तो बाकी कशावर खर्च करत नाही, बाहेर खात नाही, गाड्या लावताना खूश असतो आणि ते बघून मलाही बरं वाटतं. पण मुलाला रोज "नको" म्हणायचं ते या पैशाच्या आशेवर असेल तर ती आशा खरी आहे का एवढंच मला जाणून घ्यायचंय. ज्यांनी खरंच गोळा केलंय, विकलंय, त्यांनी स्पष्ट सांगा. नवऱ्याला वाचून दाखवणार आहे हे पण आधीच सांगून ठेवते.

---

रेडलाइन_६८

ताई, मी डायकास्टवाला, म्हणजे धातूच्या ओतीव गाड्या गोळा करणारा आहे, मुलुंडला असतो, त्यामुळे तुमच्या मिस्टरांचं दुखणं मला आतून माहितीये 🙂 पण तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो, भिंतीवरच्या बहुतेक गाड्यांना ती किंमत येणार नाही.

जुन्या गाड्या महाग का झाल्या ते आधी बघा. हॉट व्हील्स आल्या १९६८ ला, पहिल्या वर्षी फक्त १६ मॉडेल्स. १९७७ पर्यंतच्या चाकांवर लाल रेघ असायची म्हणून त्यांना रेडलाइन म्हणतात. त्या गाड्या पोरांनी घेतल्या आणि खेळून खेळून संपवल्या, मातीत पुरल्या, जिन्यावरून सोडल्या, आईने मोठं झाल्यावर देऊन टाकल्या. तेव्हा कोणाच्या डोक्यातच नव्हतं की हे जपायचं असतं. लाखोंनी बनलेल्या गाड्यांतल्या चांगल्या अवस्थेतल्या फार थोड्या उरल्या, आणि ज्या पोरांनी त्या हरवल्या ती पोरं चाळिशी-पन्नाशीची झाली, हातात पैसा आला, आणि त्यांना ती गाडी परत हवी झाली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा किंमत चढली. आता आपली भिंत बघा, आणि तशाच भिंती ठाण्यात, पुण्यात, बंगलोरला, टेक्सासला, मनिलाला किती असतील त्याचा विचार करा. सगळ्यांनी पॅकबंदच ठेवलंय. २५ वर्षांनी सगळेच एकदम विकायला काढणार, तर घेणार कोण?

आणि लाखांत जाणाऱ्या गाडीचं जे उदाहरण सगळे देतात ना, ती गुलाबी फोक्सवॅगन बीच बॉम्ब, ती तर दुकानात विकायला आलीच नव्हती. १९६९ ची प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे. मागच्या काचेतून सर्फबोर्ड बाहेर आलेले अशी ती बनवली होती, पण गाडी इतकी अरुंद झाली की ट्रॅकवरच्या फिरत्या चाकांच्या बूस्टरमधून नीट पळेना, म्हणून कंपनीने डिझाइन बदललं, बाजूला खाचा करून तिथे बोर्ड बसवले आणि ती रुंद गाडी बाजारात आणली. मागून बोर्डवाले मोजके नमुने उरले आणि त्यातल्या गुलाबीची किंमत लाख डॉलरच्या वर सांगितली जाते. बाजारात आलेली बाजूवाली बीच बॉम्ब कितीतरी स्वस्तात मिळते. म्हणजे ज्या गाडीवरून आपण आशा धरतोय ती दुकानात हुकवर लटकलेली गाडी नव्हतीच कधी, कारखान्यातलं फसलेलं सॅम्पल होतं.

तरी भिंतीवर एकदा नजर टाकायला सांगा. सुपर ट्रेझर हंट (कंपनी मुद्दाम थोड्याच बनवून साध्या गाड्यांत मिसळते ती) असेल, म्हणजे चकचकीत स्पेक्ट्राफ्लेम रंग, रबरी टायर आणि गाडीवर कुठेतरी टीएच ही खूण, तर ती आजही छापील किमतीच्या बऱ्याच पट जाते, ती बाजूला ठेवा. रेड लाइन क्लबच्या (कंपनीचा कलेक्टरांचा क्लब) मर्यादित गाड्या असतील तर त्याही. बाकी मेनलाइन, म्हणजे नेहमीची साधी गाडी, ७२ गाड्यांच्या खोक्यात येते, त्यात तीच तीच मॉडेल्स, आणि पुढच्या वर्षी रंग बदलून परत येतात.

---

हिशेबी

मला गाड्यांतलं कळत नाही, आकड्यांतलं कळतं.

गाडी साधारण २०० रुपये धरू. तेच २०० वर्षाला ७ टक्क्यांनी २५ वर्षं ठेवले तर १,०८५ होतात. म्हणजे २५ वर्षांनी ती गाडी १,०८५ ला गेली तर तुम्ही पीपीएफसारख्या सुरक्षित जागेच्या जेमतेम बरोबरीला आलात, फायदा काहीच नाही. वर विकायचं कमिशन, पॅकिंग, कुरियर, आणि प्रत्येक गाडीसाठी वेगळं गिऱ्हाईक शोधायचा वेळ. एक सोन्याची बांगडी विकायला सराफाकडे एकदा जावं लागतं, ३०० गाड्या विकायला ३०० वेळा पार्सल बांधावं लागेल. एकदम सगळा लॉट विकला तर घेणारा डीलर निम्म्याच्याही खाली मागतो कारण त्यालाही तीच पार्सलं बांधायचीयत.

आणि परदेशातून मागवलेलं काही असेल तर त्यात अजून एक खड्डा. खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. म्हणजे आपला माणूस सुरुवातच अमेरिकन कलेक्टरच्या पावणेदोन पट खर्चाने करतो, आणि विकायला परत त्याच जगाच्या बाजारात उभा राहतो.

छंदाला माझी पूर्ण मान्यता आहे. फक्त शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवा, ते या भिंतीत धरू नका.

---

पॉपवाली

पुतणीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी 🙋‍♀️ माझ्याकडे लबुबू आहेत, दोन विकलेत पण, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

लबुबू हे कासिंग लुंग नावाच्या आर्टिस्टचं कॅरेक्टर आहे, २०१५ पासूनचं, त्याच्या चित्रांच्या गोष्टींमधलं. २०१९ ला पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीशी जोडलं गेलं आणि मग २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसाने बॅगेला लावलं आणि जगभर वेड लागलं. ब्लाइंड बॉक्समध्ये येतं, आत कुठला रंग आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि सीक्रेट, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ प्रकार, निघायची शक्यता ७२ मध्ये १. जून २०२५ मध्ये बीजिंगला एक माणसाएवढं लबुबू लिलावात १०.८ लाख युआनला गेलं, आपले सव्वा कोटी रुपयांच्या आसपास. ही बातमी सगळ्या मावश्या-काकूंच्या ग्रुपवर फिरली आणि तेव्हापासून प्रत्येकाला वाटतंय आपल्या कपाटात सव्वा कोटी आहेत.

पण त्याच जून महिन्यात कंपनीने ऑनलाइन मोठा स्टॉक सोडला आणि साध्या लबुबूंचे रीसेलचे भाव धडाधड खाली आले. रांगा लावून, जास्त पैसे देऊन घेतलेल्यांचे चेहरे मी आमच्या ग्रुपमध्ये बघितलेत. भाव कंपनीच्या हातात आहे, तिने महिनाभर कारखाना जोरात चालवला की तुमची दुर्मिळता संपली. शिवाय नकली इतके आलेत की त्यांना लफुफू असं वेगळं नावच पडलं, आणि विकताना गिऱ्हाईक आधी हेच विचारतं की खरं आहे कशावरून.

पुतणीला सांगा बिल, बॉक्स आणि आतलं कार्ड जपून ठेव, आणि आवडतंय म्हणून घेतलं असेल तर मस्त लाव बॅगेला. मला ते खरंच आवडतं, ते दात काढलेलं तोंड बघितलं की सकाळी लोकलमध्ये बरं वाटतं. पण पुढच्या वर्षी विकून ट्रिपला जाऊ असं कोणी धरून चालत असेल तर मी तिला थांबवेन.

---

विटांचा_डबा

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा साताऱ्याचा. इकडे उन्हाळ्यात शनिवारी लोक घरासमोर जुनं सामान मांडून विकतात, त्यात "जपून ठेवलेल्या" खेळण्यांचं पुढे काय झालं ते डोळ्यांनी दिसतं, म्हणून लिहितो.

बीनी बेबीज म्हणून छोटी मऊ जनावरं होती, १९९३ ला आली. कंपनी एकेक प्राणी "रिटायर" करायची, म्हणजे आता हा परत बनणार नाही असं जाहीर करायची, की लोक तुटून पडायचे. लेबलवर प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवायचे. १९९९ मध्ये लास व्हेगासला घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याने कोर्टात जमिनीवर बसून बीनी बेबीज वाटून घेतल्या, तो फोटो आजही फिरतो. त्याच वर्षी कंपनीने सगळ्याच बंद करतोय म्हणून सांगितलं आणि त्यानंतर भाव जे कोसळले ते उठले नाहीत. आज इकडे त्या खोक्याने मिळतात, लेबलच्या कव्हरसकट.

स्टार वॉर्स सिनेमांच्या खेळण्यांचंही तेच. केनर कंपनीच्या १९७८ पासूनच्या जुन्या बाहुल्या महाग आहेत, त्यातली बोबा फेट या पात्राची रॉकेट उडवणारी बाहुली २०२४ च्या मे मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरला गेली, आणि तीही वर रेडलाइनभाऊंनी सांगितल्यासारखी प्रोटोटाइपच, पोरांच्या घशात रॉकेट अडकेल म्हणून ती बाजारात आणलीच नव्हती. हे भाव वाढताना बघून लोकांनी १९९५ ला आलेली नवी मालिका कपाटं भरभरून घेऊन ठेवली, १९९९ च्या सिनेमाची तर मध्यरात्री दुकानं उघडून घेतली. ती इतकी वर्षं न उघडलेली खोकी आज मूळ किमतीलाही मुश्किलीने जातात, महागाई धरली तर तोटाच. पंचवीस वर्षांचं म्हणताय ना, हे २५ वर्षांचंच उदाहरण झालं. फंको पॉप या मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांच्या कंपनीने तर २०२३ मध्ये ३ ते ३.६ कोटी डॉलरचा न विकलेला माल नष्ट करणार म्हणून स्वतःच जाहीर केलं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण मी लेगोवाला आहे. लेगोवर रशियातल्या अभ्यासकांचा एक पेपर आहे, १९८७ ते २०१५ मधल्या बंद सेट्सचा, त्यात सरासरी वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास परतावा निघाला. म्हणजे नवीन खेळण्यांना किंमत येतच नाही असं नाही. पण लेगोत कारण वेगळं आहे, बहुतेक लोक सेट उघडतात, जोडतात, तुकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बंद डबा खरोखरच कमी उरतो. आणि तिथेही धोका आहेच. २००८ चा ताजमहाल सेट, ५,९२२ तुकडे, मूळ किंमत ३०० डॉलर. बंद झाल्यावर त्याची किंमत कित्येक पट चढली, आमच्या ओळखीतले दोघेतिघे तो धरून बसले होते, भारतीय म्हणून अजूनच प्रेमाने. २०१७ मध्ये कंपनीने जवळपास तोच सेट नव्या नंबरने ३७० डॉलरला परत आणला. जुन्याचा भाव खाली आला. साचा कंपनीकडे आहे तोपर्यंत ती कधीही परत बनवू शकते, यावर कलेक्टरचा काही इलाज नाही.

---

कार्डेड_ओन्ली

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून ताईंच्या मिस्टरांच्या बाजूने लिहितो. मी पण कार्ड, म्हणजे गाडी ज्या पुठ्ठ्यावर पॅक येते ते, उघडत नाही.

अमेरिकेचं गणित इथे जसंच्या तसं लावू नका. तिकडे तीन पिढ्या हॉट व्हील्स खेळल्या. आपल्याकडे आत्ताची दहा-बारा वर्षांची पोरं ही पहिली पिढी आहे जिला गल्लीच्या दुकानात, मॉलमध्ये, पेट्रोल पंपाच्या शेजारी सगळीकडे ही गाडी मिळाली. ही पोरं २०४५-५० मध्ये पस्तिशीत असतील, हातात आपल्यापेक्षा जास्त पैसा असेल, तेव्हा इथेच गिऱ्हाईक तयार होईल, ईबेवर जायची गरज पडणार नाही. १९९५ चे पहिले ट्रेझर हंट बघा, १२ गाड्या, प्रत्येकी १०,००० बनवलेल्या. तेव्हा ती "मॉडर्न" खेळणीच होती की. त्यातली पांढरी ६७ कॅमॅरो आज शेकडो डॉलरला जाते. कोणीतरी कार्ड न उघडता ठेवली म्हणूनच ना?

दर्जाचं बघून घ्या, प्रीमियम घ्या, मेटल बेस आणि रबर टायर, लायसन्स असलेली खरी गाडी घ्या, फँटसी मॉडेल, म्हणजे खऱ्या जगात नसलेली मनाची गाडी नको. जपानी गाड्या आणि पोर्शे यांना आजही मागणी आहे. सरसकट सगळं फुकट असं म्हणणं मला पटत नाही.

---

रेडलाइन_६८

कार्डेडभाऊ, कॅमॅरोचं बरोबर आहे, पण त्याच बारामधल्या बाकीच्या बऱ्याच गाड्या कॅमॅरोच्या मानाने किती कमी भावात पडून आहेत ते पण सांगा ना. १०,००० चा आकडा तोच, कार्ड तेच, वर्ष तेच, तरी एक चढली आणि बाकीच्या रेंगाळल्या कारण लोकांना कॅमॅरो हवी होती. कमी बनवलं एवढ्याने होत नाही, ती कोणाला तरी मनापासून हवी असावी लागते.

आणि तुमचा २०४५ वाला मुद्दा मला आवडला, खरंच. त्यावर विचार करत बसलो होतो. पण मग ते पोर पस्तिशीत गाडी शोधेल ती कुठली? जी त्याने खेळली, हरवली, भावाने तोडली, ती. ज्या पोराला भिंतीकडे बोट दाखवून नको म्हटलं गेलं त्याच्या मनात त्या गाडीची काय आठवण राहणार? गिऱ्हाईक पण आपणच घडवतोय की. म्हणून माझं मत असं आहे की डबल असलेल्या सगळ्या उघडा, पोराला द्या, ट्रॅक आणा.

---

माळ्यावरचा

उशिरा आलो, कोल्हापुरातनं लिहितोय. मंडळी सगळी अमेरिका आणि चीनचं बोलायला लागलीत, आपल्या घरच्या मालाचं कुणी नावच काढंना.

ताई, तुमच्या भिंतीचं राहू दे बाजूला, तुमच्या नाहीतर मिस्टरांच्या माहेरी-सासरी माळ्यावर जुनी पेटी आहे का ते बघा आधी. ऐंशीच्या शेवटाला आणि नव्वदीत आपल्याकडं लिओ मॅटेलच्या हॉट व्हील्स मिळायच्या, भारतात बनवलेल्या. साचे अमेरिकेचे पण रंग आणि छपाई इथली, त्यामुळं तिकडं कधी न आलेले रंग आपल्याकडं निघाले. त्या वेळी कुणी जपल्या नाहीत, म्हणून आता अमेरिकेतले, युरोपातले कलेक्टर "लिओ इंडिया" म्हणून शोधत असतात. कार्डासकट असेल तर विचारूच नका, कारण आपल्याकडं कार्ड फाडून पहिलं चुलीत जायचं.

तसंच फनस्कूलचे जीआय जो, म्हणजे ते छोटे सैनिक. फनस्कूल १९८७ ची, एमआरएफ आणि हॅस्ब्रो मिळून काढलेली, गोव्यात कारखाना आहे. अमेरिकेत ती छोट्या सैनिकांची मालिका १९८२ ला सुरू होऊन १९९४ ला थांबली, पण आपल्याकडं जुन्या साच्यांतनं पुढं बरीच वर्षं निघत राहिली, आणि रंग तर असले भन्नाट की तिकडचे लोक त्याच रंगांसाठी पैसे मोजतात. त्यातपण फरक आहे बरं का, शेवटी शेवटी तिकडच्या दुकानदारांनी खोक्यांनी माल मागवला, त्यामुळं उशिराचे पॅकबंद तुकडे बरेच फिरतात, सुरुवातीचे खरे अवघड.

त्याच्याही आधीचं म्हणाल तर कलकत्त्याचे निकी टॉइज. डिंकी म्हणजे इंग्लंडच्या खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी, तिचे वापरून झालेले साचे इकडं आले आणि साठच्या शेवटापासनं तिथं गाड्या ओतल्या गेल्या. मॅक्सवेलच्या छोट्या गाड्या पण कलकत्त्याच्याच. रंगकाम जरा ओबडधोबड, पत्र्याचा बेस, पण आज लंडनच्या माणसाला ती हवी असती कारण त्याच्याकडं सगळं डिंकी आहे आणि फक्त भारतातलं राहिलंय. आमच्या बाजूला अजून भंगारवाल्याकडं, आठवड्याच्या बाजारात एखादी गाडी निघती, आणि ती बघून मला जे होतं ते नव्या दुकानात कधी होत नाही.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो कार्डेड_ओन्लीच्या बाजूने आहे अपेक्षेप्रमाणे, पण २५ वर्षांचं स्टार वॉर्सचं ऐकून गप्प झाला. हिशेबींचा १,०८५ चा आकडा त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितला. पोराला डबल असलेल्या गाड्या मिळाल्यात, त्या आता हॉलभर पसरल्यात.

माळ्यावरचा यांचं वाचून मी भावाला फोन केला, येवल्याला. आमच्या दादाकडे लहानपणी अशा गाड्या होत्या हे मला पक्कं आठवत होतं. पत्र्याची पेटी निघाली. त्यात आठ-दहा गाड्या आहेत, तळाला हॉट व्हील्स आणि इंडिया असं वाचता येतं, रंग बराच उडालाय, एकीचं चाक वाकडं आहे. आणि तीन सैनिक आहेत, एकाचा अंगठा तुटलाय, दुसऱ्याचं कमरेखालचं सुटून वेगळं झालंय. वहिनी म्हणत होती घासून स्वच्छ करून, रंग देऊन ठेवते. काय करू? यांची काही किंमत येते का आणि दुरुस्त करून घ्यावेत का?

---

माळ्यावरचा

ताई, वहिनींना आत्ताच्या आत्ता फोन करा आणि म्हणावं काही करू नका!! रंग द्यायचा नाही, घासायचं नाही, तारेची घासणी तर लांबच ठेवा. मूळ रंग उडालेला असला तरी तो मूळ आहे, वर नवा रंग चढवला की कलेक्टरच्या लेखी ती गाडी गेलीच. मऊ ब्रशनं धूळ काढा, फार तर ओल्या सुती कापडानं हलकं पुसून लगेच कोरडं करा.

सैनिकाची कंबर सुटलीय ती घाबरायची गोष्ट नाही. त्या बाहुलीच्या आत एक काळं रबरी रिंगण असतं, त्यावरच पाय आणि धड ताणून धरलेलं असतं, ते वर्षांनी कुजतं. बाकी तुकडे असतील तर नवीन रिंग बसवून उभा राहतो, स्क्रू काढताना बेतानं काढा, गंजलेला असला तर जोर करू नका. अंगठा तुटलेला मात्र कायमचा, त्यानं किंमत बरीच कमी होती, पण पेटीत नीट हात घालून बघा, कधी कधी बंदुकी, पाठीवरच्या पिशव्या तळाला पडलेल्या असतात, त्या सुट्ट्या तुकड्यांनापण गिऱ्हाईक असतं.

किंमत फोटो बघितल्याशिवाय सांगणार नाही. खेळलेल्या, चाक वाकड्या गाडीचे लाख मिळत नाहीत, ती आशा मी लावणार नाही तुम्हाला. तळ, दोन्ही बाजू आणि वरनं, असे उजेडात फोटो काढून टाका इथं.

---

कोकणातला_कलेक्टर

साठवणीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, रत्नागिरीला असतो त्यामुळे दमट हवेचा अनुभव भरपूर आहे.

पॅकबंद म्हणजे सुरक्षित हा गैरसमज आहे. कार्ड हा शेवटी पुठ्ठाच, दोन पावसाळ्यांत वाकतो, बुरशीचे ठिपके येतात, वरचं पारदर्शक ब्लिस्टर उन्हाने पिवळं पडतं आणि डिंक सुटून आपोआप उघडतं. खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं असेल तर आधी ते हलवा. आपल्याकडे बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, त्या भिंतीला तर काहीच टांगू नये. बंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या दर काही महिन्यांनी बदलायच्या, एकदा टाकल्या म्हणजे झालं असं नाही.

मऊ व्हिनाइलच्या बाहुल्यांचं वेगळं, पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि बाहुली चिकट होते, गरम आणि कोंदट जागेत जास्त लवकर. लबुबूचं तोंडही व्हिनाइलचंच आहे, त्यामुळे पुतणीने ते गाडीत उन्हात ठेवू नये. रबरी टायरवाल्या गाड्या दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकटून ठेवू नका, वर्षांनी टायर त्यावर डाग पाडतात.

आणि कोणी युद्धाआधीच्या डिंकीच्या मागे असेल तर जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं की धातू आतून फुटत जातो, गाडीला भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो, त्याला उपाय नाही. घेताना तळ आणि कडा भिंगाने बघा, केसासारखी भेग दिसली तर सोडून द्या.

---

गोदाकाठची

वहिनीला फोन केला, वेळेत पोचला, फक्त एक गाडी साबणाच्या पाण्यात टाकली होती ती लगेच काढून पुसलीय. दादा रविवारी फोटो पाठवतोय. भिंत मात्र खरंच खिडकीसमोर आहे, त्याचं आजच बघतो आम्ही.

एकच अजून विचारते, ऑनलाइन बघितलं तर अशाच गाडीला एकाने पाचशे लिहिलंय आणि एकाने पंधरा हजार. मग खरी किंमत कुठली धरायची?

---

रेडलाइन_६८

लिहिलेली किंमत धरूच नका, ती विकणाऱ्याची इच्छा असते, कोणीही काहीही लिहितो. ईबेवर फिल्टरमध्ये "विकल्या गेलेल्या वस्तू" असा पर्याय आहे, तो लावा आणि तुमच्यासारखंच मॉडेल, तसाच रंग, तशीच अवस्था असलेली गाडी गेल्या काही महिन्यांत कितीला गेली ते बघा. एकच विक्री बघून ठरवू नका, कधी दोन माणसं हट्टाला पेटतात आणि भाव वेडा होतो. लूज, म्हणजे पॅकबाहेरच्या सुट्या गाडीची तुलना लूजशीच करा, कार्डवालीशी नाही.

दादांना सांगा फोटोत चाकं नीट दिसू देत, आणि तळावर जे काही अक्षरं-आकडे आहेत ते पेन्सिलीने कागदावर उतरवून पाठवले तरी चालतील, फोटोत ते बऱ्याचदा येत नाहीत. आणि विकायची घाई कोणी करायला लावली, "सगळा लॉट आजच द्या, कॅश देतो" असा मेसेज आला, तर आधी इथे टाका. आता हा धागा बरेच जण वाचताहेत, येतील असे मेसेज.